छोट्या कॅनेडियन शहराची स्कायलाइन बघायची कशी? (सॅस्कटून, हॅलिफॅक्स, हॅमिल्टन आणि थोडं इकडचं तिकडचं)

माझ्या सासूबाई पहिल्यांदा सॅस्कटूनला आल्या तेव्हा एअरपोर्टवरून येताना गाडीतून डाउनटाऊन दाखवलं. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि विचारलं, "संपलं?" मी म्हटलं हो. खरंच संपलं होतं, साधारण वीस सेकंदांत. टोरोंटोचे फोटो बघून आलेल्या माणसाला २ लाख ६६ हजार वस्तीचं (२०२१ ची जनगणना) शहर म्हणजे उंच इमारतींचा एक झुबका आणि बाकी सगळं सपाट, असंच वाटतं. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं.

मग कळलं की आपण बघतोच चुकीचं. टोरोंटोकडे बघतो तसं गर्दीकडे बघितल्यासारखं इथे बघून चालत नाही. छोट्या शहरात इमारती मोजक्या असतात, म्हणजे प्रत्येकीशी ओळख करून घेता येते: ही इथेच का, एवढीच उंच का, हिच्या शेजारी मोकळी जागा का. लग्नाच्या हॉलमधल्या हजार पाहुण्यांत आणि घरच्या पंगतीतल्या वीस माणसांत जो फरक, तोच. तर मी करतो तसं, पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: आधी जमीन बघा, इमारती नंतर

नवीन शहरात गेलात की पहिला प्रश्न हा की इथे पाणी कुठे आहे आणि उंचवटा कुठे आहे. स्कायलाइन, म्हणजे आभाळावर उमटलेली इमारतींची रेघ, दिसायला समोर काहीतरी मोकळं लागतं. नदी, बंदर, तळं, नाहीतर उभं राहायला टेकडी. पुण्याचा माणूस पाहुण्यांना पर्वतीवर नेतो तेच लॉजिक.

सॅस्कटूनला साउथ सॅस्कॅचवन नदी आहे आणि डाउनटाऊन तिच्या पश्चिम काठावर, पूर्वेचा काठ जरा उंच. म्हणजे प्रेक्षकांची गॅलरी आयती तयार आहे. हॅलिफॅक्सला एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला सिटाडेल हिल, शहर मधल्या उतारावर सांडलेलं. हॅमिल्टनला नायगारा एस्कार्पमेंटचा कडा, साधारण शंभर मीटरचा, तिथली माणसं त्याला सरळ "माउंटन" म्हणतात (सह्याद्री बघितलेल्या माणसाला हसू येतं, पण त्यांच्यासमोर हसू नका).

आणि आमच्या सॅस्कॅचवन प्रांताची राजधानी रजायना, तिला? काहीच नव्हतं. चहूकडे सपाट गवताळ माळ. तर त्यांनी १८८३ मध्ये एका ओढ्यावर बांध घालून तळं केलं, वस्काना लेक, आणि १९३० च्या मंदीत बेकार लोकांना काम म्हणून ते आणखी खोदून घेतलं. आज रजायनाचा सगळ्यात चांगला व्ह्यू त्याच तळ्यापलीकडून मिळतो. ज्या शहराला निसर्गाने आरसा दिला नाही त्याने फावड्याने खणून काढला, हे मला फार आवडतं.

पायरी २: उभं कुठे राहायचं, ते हाताने मोजा

बहुतेकांचं इथेच चुकतं. एकतर इतके जवळ जातात की फक्त काच आणि पार्किंगची पाटी दिसते, नाहीतर हायवेवरून बघतात आणि म्हणतात की काही नाहीये.

हात सरळ समोर ताणा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत म्हणजे साधारण वीस अंश, मधली तीन बोटं जुळवली की पाच अंश, नुसती करंगळी एक अंश. आकाशातले तारे मोजायला वापरतात तेच हे. माझा ठोकताळा असा की पूर्ण डाउनटाऊन दोन ते तीन वितींत बसलं पाहिजे आणि सगळ्यात उंच इमारत कमीत कमी तीन बोटं उंच दिसली पाहिजे. छोट्या शहरातली उंच इमारत ८० मीटरच्या आसपास असते, ती तीन बोटं दिसायला तुम्ही तिच्यापासून साधारण ९०० मीटरवर हवेत. म्हणजे दहा-बारा मिनिटं चालत लांब जायचं, बस. नदीचा पलीकडचा काठ बरेचदा याच अंतरावर किंवा त्याहून जवळ पडतो, म्हणून तो व्ह्यू "सेट" वाटतो.

रजायनाला हा नियम मोडतो. विधानसभेच्या बाजूने तळ्यापलीकडे बघितलं तर टॉवर दोन बोटंसुद्धा भरत नाहीत. तिथे उंची शोधायची नाही, रुंदी बघायची. झाडांची काळी पट्टी, तिच्यावर डोकं काढलेले हिल सेंटरचे जुळे टॉवर, आणि वर ते अवाढव्य आभाळ. तुमच्या मागे १९१२ ची घुमटवाली विधानसभा, म्हणजे मान वळवली की दुसरी स्कायलाइन. त्याच १९१२ च्या ३० जूनला शहरावर टॉर्नेडो आदळला होता, हे माहीत असलं की मग ते आभाळ नुसतं सुंदर नाही वाटत.

मजले मोजून उंची काढणार असाल तर एक घोळ होतो. राहायच्या बिल्डिंगचा मजला साधारण तीन मीटरचा, ऑफिसचा चारच्या जवळ. त्यामुळे १८ मजली ऑफिस आणि २४ मजली कंडो (फ्लॅटची बिल्डिंग) जवळजवळ सारखेच उंच असतात. बाल्कन्या दिसल्या की कंडो, नुसती काच दिसली की बहुतेक ऑफिस.

पायरी ३: म्हातारी इमारत शोधा

प्रत्येक शहराच्या स्कायलाइनमध्ये एक घरातलं मोठं माणूस असतं, बाकीचे सगळे त्याच्या हिशोबाने उभे असतात. सॅस्कटूनला ते म्हणजे बेसबरो हॉटेल, लोक लाडाने "बेस" म्हणतात. कॅनेडियन नॅशनल रेल्वेने बांधलं, नदीकाठच्या किल्ल्यासारखं, उतरती छपरं, टोकदार बुरूज. गंमत म्हणजे इमारत १९३२ लाच तयार होती पण मंदीमुळे उघडलं १९३५ च्या डिसेंबरात. तीन वर्षं नवंकोरं हॉटेल कुलूप लावून उभं. फक्त दहा मजली आहे, आता आजूबाजूला त्याहून उंच बरंच झालंय, रिव्हर लँडिंगचा काचेचा ऑफिस टॉवर १८ मजली आहे, तरी डोळा पहिला बेसवरच जातो. कारण बाकी सगळ्यांचं डोकं सपाट आणि याचंच टोकदार.

आता एक काम करा. बेसच्या दारात उभे राहा आणि नदीकडे पाठ करून २१ स्ट्रीटकडे बघा. रस्ता सरळ जाऊन एका मॉलवर आपटतो. त्या मॉलच्या जागी पूर्वी रेल्वे स्टेशन होतं! म्हणजे गाडीतून उतरलं की समोर सरळ रस्ता आणि रस्त्याच्या शेवटी हॉटेल, असा तो देखावा बसवलेला होता. १९६० च्या दशकात स्टेशन शहराबाहेर गेलं, देखाव्याचं एक टोक तुटलं, दुसरं उभं आहे. नुसत्या स्कायलाइनच्या फोटोत हे दिसत नाही, पण एकदा कळलं की बेस तिथे का आहे हा प्रश्न सुटतो.

किंग्स्टनला हे मोठं माणूस म्हणजे १८४४ च्या सिटी हॉलचा घुमट. तेव्हा हे शहर थोड्या काळासाठी त्या वेळच्या "प्रॉव्हिन्स ऑफ कॅनडा"ची राजधानी होतं आणि त्यांना वाटलं आता कायमचे आपणच, म्हणून एवढं दणदणीत बांधलं, आणि त्याच वर्षी राजधानी हलली. वुल्फ आयलंडच्या फेरीबोटीतून बघा, फुकट असते. सेंट जॉन्सला सिग्नल हिलवरून बघताना १८५५ चं बॅसिलिका शोधा. मंक्टनला तर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे राहायची बिल्डिंगच नाही, टेलिफोन कंपनीचा काँक्रीटचा मायक्रोवेव्ह टॉवर, १२७ मीटर. सुंदर आहे का? मला तर अजिबात वाटत नाही. पण लांबून गाव ओळखायला दुसरं काही लागत नाही.

पायरी ४: नियम शोधा. कोणीतरी "नाही" म्हटलेलं असतं

ही माझी सगळ्यात आवडती पायरी आहे, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

इमारती जिथे आहेत ते सगळे बघतात, जिथे नाहीत तिथे बघायची सवय लावा. हॅलिफॅक्सला सिटाडेल हिलवर जा. वर ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आहे, १८२८ ते १८५६ मध्ये बांधलेला, रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते (पहिल्यांदा मी हातातली कॉफी सांडली होती, सांगून ठेवतो). खाली टाऊन क्लॉक, १८०३ चं. त्या घड्याळाजवळ उभं राहून बंदराकडे बघितलं की टॉवरांच्या मध्ये विचित्र फटी दिसतील, जणू कोणीतरी सुरीने केकचा तुकडा कापून नेलाय, आणि त्या फटीतून पाणी आणि जॉर्जेस आयलंड दिसतं. ही काही योगायोगाची गोष्ट नाही. १९७४ पासून शहराचा कायदाच आहे की टेकडीवरच्या ठरावीक जागांवरून बंदराकडे जाणाऱ्या नजरेच्या रेषेत इमारत घुसता कामा नये. त्याला व्ह्यूप्लेन म्हणतात. किल्ला मुळात बंदरावर नजर ठेवायला होता ना, मग नजरच अडली तर किल्ल्याला अर्थ काय.

आणखी एक नियम त्याहून बारीक आहे. किल्ल्याच्या आतल्या कवायतीच्या मैदानात उभं राहिलं की तटाच्या वरून नवीन इमारतीचं डोकं दिसता कामा नये. आत जाऊन स्वतः चेक करा. चारी बाजूंनी फिरा, तटाच्या कडेवरून नजर फिरवा. काही जुनी डोकी सापडतील, ती नियमाच्या आधीची किंवा नियमाच्या कचाट्यात न आलेली. शहराच्या दक्षिण भागातली जुनी फेनविक टॉवर (आता नाव बदललंय), १९७१ ची, ९८ मीटरची, डाउनटाऊन सोडून एकटीच लांब उभी आहे, रुसून बसलेल्या पाहुण्यासारखी.

हॅमिल्टनला उलटा प्रकार. तिथे टेकडीवरून पाणी दिसावं म्हणून फटी नाहीत, तर डाउनटाऊनच्या २०१८ च्या प्लॅनमध्ये असं धरलं होतं की टॉवरने कड्याच्या उंचीच्या वर जाऊ नये, म्हणजे साधारण ३० मजले. आणि तरी तुम्ही कड्यावरच्या सॅम लॉरेन्स पार्कमध्ये कठड्याशी उभे राहिलात तर एक भला थोरला टॉवर नियम मोडून उभा दिसेल, लँडमार्क प्लेस, ४३ मजली. तो १९७४ चा, नियमाच्या आधीचा. हॅमिल्टनकर त्याला नावं ठेवतात पण रस्ता सांगताना त्याच्याशिवाय त्यांचं चालत नाही.

तुमच्या शहराचा नियम शोधायचा सोपा उपाय म्हणजे मोकळ्या प्लॉटवर लावलेली पाटी वाचा. नवीन बिल्डिंगचा अर्ज आला की पाटी लागते, त्यावर मजल्यांचा आकडा आणि हरकती कुठे कळवायच्या ते असतं. लायब्ररीच्या लोकल हिस्टरीच्या कपाटाशी पण एक चक्कर टाका, तिथल्या बाई इतक्या खूश होतात की कोणीतरी आलं म्हणून, सुटका लवकर होत नाही.

पायरी ५: वेळ आणि उन्हाची दिशा

सगळे सांगतात "सनसेटला जा". आंधळेपणाने जाऊ नका, आधी आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत ते बघा.

सॅस्कटूनला पूर्व काठावरून बघताना तोंड वायव्येला असतं. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या इमारती उजळतात, बेसच्या भिंतीचा रंग तेव्हाच खरा कळतो. जूनमध्ये सूर्य मावळतो तोच मुळी वायव्येला, बरोबर डाउनटाऊनच्या मागे, म्हणून संध्याकाळी सगळ्या इमारती काळ्या कागदातून कापल्यासारख्या. दोन्ही छान, पण पाहिजे काय ते ठरवून जा. हॅलिफॅक्सला बंदरापलीकडच्या डार्टमथच्या बाजूने बघताना पण सकाळच चांगली. हॅमिल्टनला सॅम लॉरेन्सवरून तोंड उत्तरेला, म्हणजे ऊन जवळजवळ दिवसभर पाठीशी, कधीही जा. थंडीतल्या स्वच्छ दिवशी तर स्टीलच्या कारखान्यांच्या चिमण्या, त्यांच्यापलीकडे तळं आणि तळ्याच्या पार पलीकडे टोरोंटोचा सीएन टॉवर काडीसारखा दिसतो.

आता दिव्यांचं गणित. उन्हाळ्यात सॅस्कटूनला सूर्य साडेनऊला मावळतो, आकाश निळंशार व्हायला दहा वाजतात, तोपर्यंत ऑफिसं कधीच रिकामी झालेली असतात. टॉवर काळे. डिसेंबरात सूर्य पाचच्या आत गुडूप, आणि लोक अजून टेबलाशी. म्हणजे सव्वापाचच्या आसपास आकाश निळं आणि खिडक्या सगळ्या पिवळ्या, हे दोन्ही एकत्र फक्त थंडीतच आणि तेही कामाच्या दिवशीच. शनिवारी जाऊ नका, नाताळच्या आठवड्यात जाऊ नका. साडेपाचला एकेक मजला विझायला लागतो, ते बघण्यात पण मजा आहे, कोण बॉसची वाट बघत बसलाय ते कळतं.

आणि उणे पंचवीस असेल, वारा पडलेला असेल, तर लॉटरीच लागली. प्रत्येक छपरावरून हीटिंगची वाफ सरळ काठीसारखी वर चढते, स्कायलाइन दुप्पट उंच होते. पाच मजली बिल्डिंगला पण तुरा येतो.

थंडीची तयारी नीट करा, इथे हौस नडते. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायचा आणि फोटोपुरताच बाहेर काढायचा, नाहीतर ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो. माझा पडलाय, नदीकाठी, आणि घरी फोन करायची पण सोय नाही. घरात शिरायच्या आधी कॅमेरा झिपलॉकच्या पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या, नाहीतर गरम हवेतलं पाणी काचेवर धरतं. नदीच्या बर्फावर "फक्त दोन पावलं" पुढे जाऊ नका. पुलांखाली आणि बांधाजवळ बर्फ पातळ असतो.

पायरी ६: फोटो कमी, चालणं जास्त

फोनचा वाइड मोड बंद करा. वाइडमध्ये छोटी स्कायलाइन बोळक्या तोंडातल्या चार दातांसारखी दिसते. मागे जा आणि दोन किंवा तीन पट झूम वापरा, इमारती जवळ येतात, गर्दी वाटते. फोन सरळ धरा, वर तिरका केला की टॉवर मागे पडल्यासारखे होतात.

पण खरं म्हणजे हलत्या जागेवरून बघा. सॅस्कटूनला ब्रॉडवे ब्रिज पूर्वेकडून चालत ओलांडा. हा पण मंदीतलाच, १९३२ चा, बेकारांना काम म्हणून बांधलेला, आणि पूर्व काठ उंच असल्याने पूल डाउनटाऊनकडे उतरत जातो. उतारावर चालताना उजव्या हाताला बेस हळूहळू वर उगवत जातो, आणि मागचे टॉवर त्याच्यामागे लपत, परत बाहेर येत. हॅलिफॅक्सला तेच काम डार्टमथची फेरीबोट करते, १७५२ पासून चालू आहे, दहा-बारा मिनिटांत सगळं डाउनटाऊन समोरून सरकतं. पर्डीज व्हार्फचे पाण्याच्या कडेवरचे टॉवर दिसले की लक्षात ठेवा, त्यांचं एसी बंदराच्या थंड पाण्यावर चालतं.

पायरी ७: रांगोळीसारखी काढा

हे सासूबाईंचं पेटंट. दुसऱ्या वेळी त्या जूनमध्ये आल्या तेव्हा एका सकाळी ट्रॅफिक ब्रिजजवळच्या रोटरी पार्कात थर्मास घेऊन बसलो होतो. मी इमारतींची नावं सांगत होतो, त्या कंटाळल्या आणि पिशवीतून बिलाचं पाकीट आणि पेन काढलं. "मजले सांग," म्हणाल्या. मी मोजून सांगायचो, त्या तितके ठिपके उभे मांडायच्या. दहा. अठरा. मध्ये एक जागा सोडली, तिथे झाडं आहेत म्हणून. मग परत वीस-बावीस. शेवटी सगळ्यात वरचे ठिपके एका रेघेने जोडले, आणि समोर सॅस्कटून! बेसच्या दहा ठिपक्यांवर त्यांनी तीन त्रिकोण काढले. वर बघून म्हणाल्या, "हा एकटाच सणासुदीचे कपडे घालून आलाय."

करून बघा, कागदाला दहा मिनिटं लागतात. उभे ठिपके म्हणजे मजले, आडवं अंतर वितीने आणि बोटांनी मोजायचं, जुन्या इमारतींना भरीव ठिपका, नव्यांना पोकळ. मोजता मोजता कळतं की अर्ध्या इमारती एकाच दशकातल्या आहेत. खाली तारीख घाला, आणि क्रेन असेल तर तिथे फुली मारा.

एक सावधगिरी, विंडसरवाल्यांसाठी

विंडसरच्या नदीकाठी उभं राहून जी झगमगती स्कायलाइन दिसते ती विंडसरची नाही, ती डेट्रॉइट आहे, अमेरिका. घरच्या ग्रुपवर "आमचं शहर" म्हणून तिचे फोटो टाकणारे मी पाहिलेत. विंडसरची स्वतःची स्कायलाइन बघायची तर नदीपार जावं लागतं, म्हणजे आपल्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. तोवर किनाऱ्यावरच्या बाकड्यावर नदीकडे पाठ करून बसा, इमारती डोक्यावरच आहेत, पण मजले मोजायला तेवढं पुरतं.